साक्षीदार गप्प का आहेत?

प्राध्यापकांनी वर्गात शिकवावे, उत्तरपत्रिका तपासाव्यात, महिनाअखेर वेतन घ्यावे आणि विद्यार्थ्यांच्या आंदोलनाविषयी जाहीरपणे एक अक्षरही काढू नये, असा उपदेश गेली काही वर्षे या देशात वरून खालपर्यंत झिरपत आला आहे. उपदेश करणाऱ्यांत केवळ सत्ताधारी पक्षाची मंडळी नाहीत. त्यांत कुलगुरू आहेत, संस्थाचालक आहेत, निवृत्त सनदी अधिकारी आहेत, आणि ज्यांची मुले परदेशी विद्यापीठांत शिकतात असे सुखवस्तू पालकही आहेत. या सर्वांचे म्हणणे थोडक्यात असे की, करदात्यांच्या पैशावर पोसलेल्या माणसाला मत असू नये, आणि असलेच तर ते त्याने उंबरठ्याच्या आत ठेवावे. या म्हणण्याचा समाचार घेतलाच पाहिजे. परंतु त्याला आपल्या बाजूने जे उत्तर दिले जाते तेही फार अपुरे आहे, आणि ते का अपुरे आहे हे सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते.

प्रथम एक ताजे उदाहरण घेऊ. सार्क राष्ट्रांनी मिळून दिल्लीत चालविलेले साउथ एशियन युनिव्हर्सिटी नावाचे विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांनी २०२२ साली विद्यावेतनात वाढ मिळावी म्हणून आंदोलन केले. मागणी साधी, पोटापाण्याची होती. प्रशासनाने ऑक्टोबरमध्ये आवारात पोलिस बोलावले. काही प्राध्यापकांनी प्रशासनाला पत्रे लिहिली की, विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर पोलिस बोलावणे गैर आहे, चर्चा करा. एवढ्यावरून चौकशी समिती बसली. या प्राध्यापकांना समितीसमोर बसवून शंभराहून अधिक प्रश्नांची उत्तरे जागच्या जागी हाताने लिहून मागण्यात आली, असे त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. ज्यांनी आयुष्यभर परीक्षा घेतल्या त्यांचीच परीक्षा! २०२३ च्या जूनमध्ये चार प्राध्यापक निलंबित झाले. विद्यार्थ्यांना चिथावणी दिली, हा आरोप. त्यांतले एक माझ्याच विषयाचे, म्हणजे अर्थशास्त्राचे अध्यापक. महागाई वाढली की ठरलेल्या विद्यावेतनाचे खरे मोल घटते हे ज्याने वर्गात शिकवायचे, त्याने ते विद्यार्थ्यांच्या खिशाबाबत बोलून दाखविले की ती चिथावणी ठरते.

चिथावणी हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात विद्यार्थ्याला स्वतःची बुद्धी नाही हे गृहीत धरलेले असते. अठरा वर्षांचा मतदार देशाचे सरकार निवडू शकतो, पण खानावळीचे बिल वाढले हे त्याला प्राध्यापकाने कानात सांगितल्याशिवाय कळत नाही! १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांना वसतिगृहाच्या खानावळीचे दर वाढल्याचे कुणा प्राध्यापकाने सांगावे लागले नव्हते. त्या दरवाढीमागे धान्याचे आणि तेलाचे चढते भाव होते आणि त्या भावांमागे कोण होते, याची चर्चा मग सारा गुजरात करू लागला. त्या नवनिर्माण आंदोलनात पुढे प्राध्यापकांच्या संघटनाही उतरल्या, आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. (चिमणभाई स्वतः प्राध्यापकी करून राजकारणात आलेले. प्राध्यापकांनी राजकारणात पडू नये असे त्यांना त्या आठवड्यात किती तीव्रतेने वाटले असेल!) मुले आधी उठली आणि शिक्षक मागाहून आले, असा हा क्रम आहे. आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थी आंदोलनांत तो असाच दिसतो.

मग शिक्षक मागाहून येऊन करतो काय? माझ्या मते या साऱ्या वादाची किल्ली येथे आहे. प्राध्यापकाच्या जाहीर भूमिकेला आपण ‘मत’ म्हणतो, आणि मत म्हटले की एकाचे एक, दुसऱ्याचे दुसरे, असे म्हणून ते झटकून टाकता येते. वस्तुतः विद्यापीठातील अन्यायाबाबत प्राध्यापक जेव्हा बोलतो तेव्हा तो बहुधा साक्ष देत असतो. शिष्यवृत्तीची रक्कम कोणत्या टेबलावर अडली, वसतिगृहाच्या समितीत कोण होते, चौकशी किती बैठकांत उरकली, निलंबनाचा ठराव कोणी मांडला, हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते आणि बाहेरच्या वार्ताहरालाही ठाऊक नसते. ते आतल्या माणसाला ठाऊक असते. तो गप्प राहिला की प्रशासनाचे पत्रक हेच सत्य होऊन बसते.

हैदराबाद विद्यापीठाचे प्रकरण आठवा. पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढण्यात आले, आणि १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांतील रोहित वेमुला याने आत्महत्या केली. देशभर संताप उसळला. तेव्हा केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्र्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की, निर्णय घेणाऱ्या समितीचे प्रमुख स्वतः एक दलित प्राध्यापक होते, म्हणजे यात जातीचा प्रश्नच नाही. हे विधान टिकले असते तर सारे प्रकरण तेथेच दडपले गेले असते. ते टिकू दिले नाही ते त्याच विद्यापीठातील अनुसूचित जाती-जमातींच्या अध्यापकांनी. मंत्र्यांची माहिती दिशाभूल करणारी आहे असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि आपल्यावरील प्रशासकीय जबाबदाऱ्या सोडल्या. कुठलेही घोषणायुद्ध नव्हते. आतल्या माणसांनी, स्वतःच्या नावाने, एका वस्तुस्थितीबाबत दिलेली ती साक्ष होती. दोन महिन्यांनी, २२ मार्च रोजी, रजेवर गेलेले कुलगुरू परतले, निदर्शने झाली, पोलिसांनी लाठ्या चालविल्या, आवारातील खानावळी बंद पडल्या, आणि पंचवीसच्या आसपास विद्यार्थ्यांबरोबर दोन अध्यापकही तुरुंगात गेले. पुढे त्या दोघांना निलंबित करण्यात आले. साक्षीदाराला आधी अटक करावी आणि मग निलंबित करावे, ही न्यायाची कोणती पद्धत?

आता कायद्याचा धाक दाखविणाऱ्यांकडे वळू. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील ४८ अध्यापकांवर २०१९ च्या जुलैमध्ये आरोपपत्रे बजावली गेली. वर्षभरापूर्वी, ३१ जुलै २०१८ रोजी, त्यांनी एक दिवसाच्या निषेधात भाग घेतला होता म्हणून. आधार कोणता, तर केंद्रीय नागरी सेवांचे १९६४ चे वर्तणूक नियम. हे नियम सरकारी कचेरीतल्या नोकरवर्गासाठी झाले. विद्यापीठातील अध्यापक हा शासनाचा कारकून आहे हे आधी गृहीत धरायचे आणि मग त्याला कारकुनाचे नियम लावायचे, अशी ही युक्ती आहे. कारकुनालाही आपल्या घटनेने इतके मुके केलेले नाही, ही त्यातली गंमत. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच सांगून ठेवले आहे की, सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नसला तरी शांततामय निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम घटनाबाह्य आहे. सरकारी नोकर निदर्शने करू शकतो. प्राध्यापकाने पत्रसुद्धा लिहू नये!

याहून मोठा पुरावा घटनेतच आहे. अनुच्छेद १७१ पाहा. जेथे विधान परिषद आहे तेथे तिचे सुमारे एक द्वादशांश सभासद शिक्षकांनी निवडून द्यायचे आहेत. आपल्या महाराष्ट्रात ७८ पैकी सात जागा शिक्षकांच्या आणि सात पदवीधरांच्या. वकिलांना वा डॉक्टरांना असा मतदारसंघ दिलेला नाही. शिक्षकाला सार्वजनिक प्रश्नांवर काही म्हणायचे असते आणि ते विधिमंडळात ऐकले गेले पाहिजे, असे घटनाकारांना वाटले म्हणूनच ही तरतूद झाली ना? फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकविलेले ग. प्र. प्रधान पुण्याच्या पदवीधरांचे प्रतिनिधी म्हणून वर्षानुवर्षे परिषदेत बसले, आणीबाणीत तुरुंगातही गेले. तुरुंगवासाने त्यांच्या शिकवण्याला बट्टा लागला असे त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

करदात्यांच्या पैशाचा मुद्दा अर्थशास्त्राच्या माणसाने टाळू नये. पैसा जनतेचा आहे, हे अगदी मान्य. पण मग निष्ठा कोणाशी? सरकारी पगारावरच्या अभियंत्याला धरणाच्या भिंतीत तडा दिसला, आणि त्याने अधीक्षकाची मर्जी सांभाळण्यासाठी तोंड मिटून घेतले, तर त्याने करदात्याचे मीठ खाल्ले की अधीक्षकाचे? वेतन सार्वजनिक निधीतून येते म्हणूनच साक्ष देण्याचे बंधन अधिक. खासगी पेढीतल्या मुनिमाने मालकाची लबाडी झाकली तर एक वेळ समजू शकते.

दुसरा एक शब्द सध्या फार ऐकू येतो: तटस्थता. विद्यापीठाने तटस्थ राहावे, असे म्हणणाऱ्यांचे मूळ धर्मपीठ शिकागो विद्यापीठ आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६७ साली, कॅल्व्हन या विधिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखालील समितीने तेथे एक छोटासा अहवाल दिला. संस्थेने संस्था म्हणून राजकीय प्रश्नांवर भूमिका घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. ते वाक्य सर्वांना पाठ असते. मात्र त्यामागचे कारण सांगताना कुणी दिसत नाही. संस्थेने गप्प बसायचे ते तिच्यातील एकेका प्राध्यापकाला आणि विद्यार्थ्याला मोकळेपणे बोलता यावे म्हणून. टीका करण्याचे साधन म्हणजे तो एकटा माणूस, असे त्या अहवालाचे म्हणणे आहे. आमचे कुलगुरू नेमके उलट करतात. स्वतः शासनाच्या प्रत्येक मोहिमेचे फलक लावतात, आणि तटस्थतेचे पथ्य मात्र अध्यापकाला सांगतात.

येथवर जे लिहिले त्यावर आपले बहुतेक वाचक माना डोलावतील. पण विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे पुरोगामी असणे, असा एक भोळा समज आपल्यातही आहे, त्याचे काय करायचे? २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात त्याविरुद्ध जे आंदोलन पेटले त्यातही विद्यार्थी होतेच. दलितांची घरे जळाली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. १९९० साली मंडल आयोगाच्या शिफारशींविरुद्ध दिल्लीत रस्त्यावर उतरलेले तरुणही विद्यार्थीच होते. त्या वेळी आरक्षणविरोधी मुलांना आशीर्वाद देणारे प्राध्यापक थोडे नव्हते. त्यांना वर्तणूक नियमांची आठवण करून दिल्याचे मला स्मरत नाही. अशा प्रसंगी प्राध्यापकाची साक्ष आपल्याच विद्यार्थ्यांविरुद्ध जाते, जायलाच हवी. समोर बसलेली मुले घोषणा देत असताना, आरक्षणाने गुणवत्ता बुडते हे तुमचे म्हणणे आकडेवारीत टिकत नाही, असे त्यांना तोंडावर सांगणे हे कुलगुरूविरुद्ध पत्रक काढण्याहून कठीण काम आहे. ज्याला ते जमत नाही त्याच्या अन्य पत्रकांचे मोलही मी कमीच धरतो. तसेच, जी भूमिका वर्गाबाहेर सहीनिशी घेतली तिचा हिशेब गुणपत्रिकेत चुकता होता कामा नये, हेही आपण आपल्या बाजूच्या लोकांना बजावले पाहिजे.

असो. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

आपली माणसे म्हणतात, प्राध्यापक भ्याले आहेत, पोटार्थी झाले आहेत. सभांमधून हे वाक्य टाळ्या घेते. माझा त्याला आक्षेप आहे. धैर्य हा स्वभावाचा भाग असेल. पण एका पिढीचे धैर्य एकाएकी आटले, असे सांगणे हे समाजशास्त्र नव्हे, ती किरकिर आहे. नोकरीचा करार बदलला, हे त्यामागचे कारण आहे.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावी जा आणि महाविद्यालयात विचारा, शिकवतो कोण? कायम अध्यापक निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, आणि त्या जागी तासिका तत्त्वावरचे अध्यापक आले. नेट, सेट, पीएच.डी. झालेली माणसे. शिकविलेल्या तासांपुरते मानधन, तेही महिनोन्‌महिने थकलेले, सुट्टीचे नाही, आजारपणाचे नाही, नेमणूक सत्रापुरती. पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही हे प्राचार्याच्या आणि संस्थाचालकाच्या मर्जीवर. १९८३ साली विनाअनुदानित तंत्रशिक्षणाचे दार उघडण्यात आले, तेव्हापासून शिक्षण हा धंदा झाला असे आपण म्हणत आलो. पण अनुदानित महाविद्यालयांतही शासनाने भरती रोखून धरून आणि अधूनमधून थोड्या जागांना मान्यता दिल्याचा गाजावाजा करून शिक्षकाला रोजंदारीवर आणले, याकडे आपले तितके लक्ष गेले नाही.

मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथील एक गोष्ट सांगतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून मुलांचे परीक्षेचे अर्ज अडवले गेले. मुले प्राचार्यांच्या दाराशी बसली. अर्ज अडविण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही, अशा आशयाचे एक निवेदन आम्ही चारपाच जणांनी तयार केले. माझ्याच विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने ते वाचले, त्यातली एक कायदेशीर चूकही दुरुस्त करून दिली, आणि पेन मला परत केले. म्हणाला, “सर, मजकूर अगदी बरोबर आहे. पण माझी ऑर्डर जुलैत निघते.” मी त्याला आग्रह केला नाही. माझी नोकरी कायम होती. निवेदनावर सही करण्याची मला पडणारी किंमत जवळजवळ शून्य होती. त्याला पडणारी किंमत एका वर्षाचे उत्पन्न होती. एकाच कागदावरच्या दोन सह्यांची किंमत इतकी वेगळी असताना, त्याच्यापेक्षा माझे धैर्य मोठे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? आजही निवृत्तिवेतन वेळेवर जमा होते म्हणून हा लेख लिहिणे मला परवडते आहे.

हे केवळ लहान गावांतले चित्र नाही. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. समाजकार्याचे आणि श्रमिकांच्या प्रश्नांचे शिक्षण देणारी, देशभर नावाजलेली. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिने एका दलित संशोधक विद्यार्थ्याला राजकीय निदर्शनांतील सहभागावरून दोन वर्षांसाठी निलंबित केले. (सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी ती शिक्षा कमी करून त्याचा परतीचा मार्ग मोकळा केला.) त्याच संस्थेने दोन महिन्यांनी, जूनअखेरीस, ५५ अध्यापकांना आणि ६० च्या आसपास शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीची पत्रे दिली. टाटांच्या विश्वस्त निधीतून येणारे अनुदान पुढे चालू राहण्याची खात्री नाही, हे कारण. त्यांत दहा-दहा वर्षे कंत्राटावर शिकविणारी माणसे होती. ओरड झाली, निधीचे आश्वासन मिळाले, आणि दोन-तीन दिवसांत पत्रे मागे घेतली गेली. पण त्या दोन-तीन दिवसांत प्रत्येकाला आपला भाव कळून चुकला. विद्यार्थ्याच्या निलंबनावर यांच्यापैकी कोणी जाहीर सही करावी अशी अपेक्षा बाळगणाऱ्याने प्रथम ही दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचावीत.

तेव्हा वर्तणूक नियमांचा बडगा हे दिसणारे हत्यार आहे. ते उगारले की वर्तमानपत्रांत बातमी येते, न्यायालयात दाद मागता येते. न दिसणारे हत्यार म्हणजे सत्र संपल्यावर न आलेले बोलावणे. त्याला आरोपपत्र लागत नाही, चौकशी लागत नाही, कारणही द्यावे लागत नाही. त्याविरुद्ध अपील कुठे करणार? आणि महाराष्ट्रात तर साक्षीदाराची गरज अधिकच आहे, कारण येथे विद्यार्थ्यांना स्वतःचा निवडून दिलेला प्रतिनिधीच नाही. महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंद झाल्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात त्यांची पुन्हा तरतूद झाली, २०१९ साली त्या होणार असे जाहीर झाले, आणि त्या लांबणीवर टाकण्यात आल्या. विद्यार्थी मुका, त्याचा शिक्षक रोजंदार.

प्राध्यापकांच्या संघटनांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. २०१३ साली महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि सेवेचे प्रश्न घेऊन तीन महिन्यांहून अधिक काळ परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. मागण्या गैर नव्हत्या. परंतु ज्या संघटनेला एवढी ताकद लावता येते तिने शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी, निलंबित विद्यार्थ्यासाठी एक दिवसाचा बहिष्कार घातल्याचे उदाहरण शोधून सापडत नाही; आणि तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना तिने बरोबरीचे सभासद कधी मानले नाही. कायम आणि रोजंदार यांच्यात कामगारांची जी फाळणी गिरणीमालकांना साधली नव्हती ती आपण विद्वानांनी आपणहून करून दाखविली.

आणि आपण? आपले कार्यकर्ते विद्यार्थ्यांच्या मोर्चाला पाठिंबा म्हणून पत्रक काढतात तेव्हा खाली मान्यवर प्राध्यापकांच्या सह्या मागायला येतात. तीच बारा-पंधरा नावे, निम्मी माझ्यासारख्या निवृत्तांची. त्या पत्रकाने वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि कुलगुरूंची झोप मोडत नाही, कारण आत काय चालले आहे याची साक्ष देण्याच्या स्थितीत आम्ही आता नाही. ज्यांच्याजवळ साक्ष आहे त्यांच्यापर्यंत आपण पोचलेलो नाही. आपल्या विचारांची म्हणविणाऱ्या शिक्षणसंस्थाही या राज्यात आहेत. त्यांच्या कार्यकारिणीत आपली माणसे बसतात, त्यांच्या सभागृहांत फुले-आंबेडकरांच्या तसबिरी आहेत. तेथे तासिका तत्त्वावर किती जण शिकवतात, मानधन किती महिने थकले आहे, आणि मागील वर्षी बोलावणे न आलेल्यांत कोणी सभेत बोललेला होता काय, ही विचारणा पक्षाच्या एखाद्या जिल्हा शाखेने केली असेल तर ती मला पाहायला आवडेल.

येत्या जूनमध्ये नेमणुकांची पत्रे निघतील. त्याआधी प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या भागातील महाविद्यालयांची अशी यादी करावी, रिक्त जागांचे आकडे माहितीच्या अधिकारात मागवावेत, आणि सुरुवात आपल्या संस्थांपासून करावी. शिक्षक मतदारसंघाचे उमेदवार मते मागायला येतील तेव्हा तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला कारण दिल्याविना वगळता येणार नाही, अशा तरतुदीसाठी ते विधेयक मांडणार आहेत काय, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. माझ्या त्या सहकाऱ्याचे वय आता चाळिशीच्या पुढे गेले आहे, आणि त्याची ऑर्डर अजून जुलैतच निघते.